मातीनं खाल्लेली लंगोटी

अंगण सगळ्याच बाया झाडतात. गंगी आंब्याखालची जमीन झाडायची. पोशेऱ्याच्या वरच्या पाड्यावर तिच्या वाडीसारखी लखलखीत वाडी दुसरी नव्हती. लोक म्हणायचे, गंगीच्या वाडीत नागली सांडली तर दाणा न दाणा वेचून घ्यावा.

वीस वर्षांपूर्वी एका संस्थेचे लोक आले होते. त्यांनी घरटी एका एकरात आंब्याची आणि काजूची कलमं लावून दिली होती. त्या एकराला इकडे वाडी म्हणतात. पहिले तीन उन्हाळे गंगीनं ओहोळावरून डोक्यावर हंडे आणून एकेक कलम जगवलं. पुढं झाडं मोठी झाली, पानं गळायला लागली आणि गंगीच्या हाताला खराट्याची सवय लागली. फाल्गुन उजाडला की रोज सकाळी ती वाडी झाडायची, पाला डालग्यात भरायची आणि खालच्या शेतात राबाच्या जागेवर नेऊन टाकायची.

राब म्हणजे रोपं करायची जागा भाजून काढणं. आधी शेण पसरायचं, त्यावर झाडाच्या फांद्या, त्यावर पाला, मग गवत, आणि वरून मातीचा पातळ थर. मग वाऱ्याची दिशा बघून पेटवून द्यायचं. भाजलेल्या जागेत तण येत नाही आणि नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप असं काळंभोर उठतं की बघत राहावं. या डोंगरात बापजाद्यांपासून असंच चालत आलं आहे. गंगीचा राब पाड्यात सगळ्यांत जाड असायचा, कारण बाकीच्यांना पाला आणायला लांब रानात जावं लागायचं आणि गंगीचा पाला घरच्या वाडीतच पडलेला असायचा. वाडी साफ आणि राब जाड. एका खेपेत दोन कामं. बाया लावणीच्या वेळी तिची रोपं बघायला यायच्या आणि जाताना मूठभर मागून न्यायच्या.

पण चार वर्षं झाली, वरच्या पट्टीतली सोळा झाडं रुसली होती. पानांचा रंग उतरला होता, टोकं करपल्यासारखी दिसायची. मोहोर यायचा आणि वाऱ्याबरोबर जायचा. आंबे म्हणाल तर गेल्या साली सोळा झाडांवर मिळून एक डालगं भरलं नाही. झाडांच्या बुडाशी मातीच उरली नव्हती म्हणा ना. मुळं बोटांच्या हाडांसारखी वर आलेली.

तिचा लेक करण म्हणाला, दिवाळी झाली की ही सोळा झाडं तोडायची. तिथं मोगरा लावायचा. मोगऱ्याची फुलं पहाटे खुडली की जव्हारकडे जाणारी जीप पिशवी घेऊन जाते, असं खालच्या पाड्यावर दोन घरांचं चाललं होतं. करणचं म्हणणं खोटं नव्हतं. दरसाल दिवाळीनंतर तो आणि त्याची बायको रविना ठाण्याकडे बांधकामावर जायची, ती थेट होळीला परत यायची. तिकडे पत्र्याच्या खोलीत चार महिने काढायचे. मोगरा लागला असता तर घरी राहता आलं असतं.

गंगीला हे कळत होतं, म्हणून ती भांडली नाही. पण एक गोष्ट तिच्या डोक्यातून जात नव्हती. बांधाच्या पलीकडे पांड्याची वाडी होती. एकाच दिवशी, एकाच टेम्पोतून आलेली कलमं. तोच उतार, तोच पाऊस. पांड्या म्हणजे आळसाचा पुतळा. त्याच्या वाडीत गुडघ्याएवढं गवत, पाल्याचे थर, मोडक्या फांद्या. लोक म्हणायचे, त्या वाडीत वाघीण व्याली तरी पांड्याला पोरं चालायला लागल्यावर कळेल. आणि त्याच पांड्याची झाडं हिरवीगार. फांद्यांना टेकू द्यायची वेळ यायची.

पहिल्यांदा गंगीला वाटलं, हा गुपचूप खत घालतो. महिनाभर तिनं बांधावर बसून नजर ठेवली. पांड्या यायचा, विडी ओढायचा, सावलीला पडायचा आणि जायचा. शेवटी तिनं त्याला सरळ विचारलं.

पांड्या म्हणाला, “मी काय करतो? मी कायच करत नाय, गंगे. तू करतेस तेवढं मी केलं असतं तर माझी झाडं पण मेली असती.”

तो चेष्टेनंच बोलला होता. पण गंगी घरी आली ती त्या वाक्याला घेऊनच. भाकरी थापतानाही ते तिच्या डोक्यात फिरत होतं.

पांड्याची सून हर्षदा वांगणीकडची. लग्नाआधी तिनं शेतीच्या शाळेत दोन वर्षं काढली होती. आता तिशीला आली होती, दोन लेकरं होती, आणि सासऱ्याच्या वाडीतलं गवत कापून ती तिथंच झाडाखाली अंथरायची. आळस पांड्याचा आणि डोकं सुनेचं, असं काहीसं ते होतं. गंगी तिच्याकडे गेली. हर्षदानं तिला मातीवर बसवलं, पांड्याच्या वाडीतली एक ओंजळ उचलून तिच्या नाकाजवळ धरली आणि मग गंगीच्या वाडीतली धरली. पहिल्या ओंजळीला पावसाळ्यातल्या रानाचा, अळंब्यांचा वास येत होता. दुसरीला कसलाच वास नव्हता. चुलीतल्या भाजक्या ढेकळासारखी ती कोरडी होती.

हर्षदानं सांगितलं ते थोडक्यात असं. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, लाखोंनी. पडलेला पाला, मेलेली मुळं हे त्यांचं खाणं. ते खातात तेव्हा पाल्यातलं सत्त्व मातीत उतरतं आणि झाडाच्या मुळांना मिळतं. जीव उपाशी तर झाड उपाशी. ते आहेत की नाहीत हे साध्या डोळ्यांनी बघायची एक युक्ती आहे. सुती कापड वीतभर खोल पुरायचं आणि दोन महिन्यांनी काढायचं. सूत हे झाडाचंच, कापसाचं. माती जिवंत असेल तर ती कापड खाते. नसेल तर कापड जसंच्या तसं निघतं.

“कापड खाते,” गंगी स्वतःशीच म्हणाली. साठ वर्षं ती मातीत राबली होती. मातीनं माणूस खाल्लेला तिनं पाहिला होता, मेलेलं ढोर खाल्लेलं पाहिलं होतं. पण मातीला भूक लागते आणि ती भूक तपासता येते, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

घरी येऊन तिनं सुती कापड शोधायला घेतलं आणि तिथंच अडली. तिची लुगडी सगळी बाजारातली नायलॉनची. करणचे शर्ट, रविनाच्या साड्या, सगळं तसलंच. गोधडी उसवून बघितली तर तिच्याही पोटात चकचकीत धागे. ठिणगी लागली की वितळून अंगाला चिकटतं, असलं कापड. अख्ख्या घरात खरं सूत उरलं होतं ते एकाच जागी. तिचा नवरा गोमा मांजरपाटाच्या लंगोट्या वापरायचा. चार होत्या, जव्हारच्या बाजारातून आणलेल्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या.

गोमा ओट्यावर दोरी वळत बसला होता. गंगीनं त्याला सगळं समजावून सांगितलं आणि दोन लंगोट्या मागितल्या. त्यानं हातातली दोरी खाली ठेवली. मग म्हणाला, “चाळीस वरीस माझ्या अंगावर होत्या, तवा तुला नाय दिसल्या. आता मातीला पाहिजेत म्हून दिसल्या.”

पण दिल्या. चारही लंगोट्यांच्या नाड्या तुटल्या होत्या म्हणून त्यानं मागं कधीतरी निळ्या नायलॉनच्या दोऱ्या ओवल्या होत्या. हर्षदा म्हणाली, राहू देत, खूण होईल.

आषाढात, लावणी उरकल्यावर, एक लंगोटी गंगीच्या वरच्या पट्टीत पुरली आणि दुसरी पांड्याच्या वाडीत. दोन्हीकडे निळ्या दोरीचं टोक वर ठेवून शेजारी काठी रोवली. पांड्या इरलं घेऊन बघायला आला होता. त्यानं पाड्यावर जाऊन सांगितलं की गंगीनं गोमाला पुरलं, थोडा थोडा करून पुरतेय. करण शेताच्या चिखलातून येत म्हणाला, “आये, बाची लंगोटी पेरून काय उगवणार?” गंगी म्हणाली, उगवेल ते तुला घालीन.

एक गोष्ट मात्र तिनं कुणाला सांगितली नाही. दुसऱ्या दिवशी ती तिसरी लंगोटी कमरेला खोचून रानाच्या कडेला गेली. तिथं ऐनाची मोठी झाडं होती. त्यांना कुणी पाणी घातलं नव्हतं, खत दिलं नव्हतं, त्यांच्याखाली कुणी झाडलं नव्हतं. तरी ती तिच्या सासऱ्याच्या वेळेपासून उभी होती. त्यांना खायला कोण घालतं, हे गंगीला बघायचं होतं. तिनं खड्डा केला, लंगोटी घातली, वर दगड ठेवला. गोमा दोन दिवस दोरीवर लंगोटी शोधत फिरला आणि शेवटी त्यानं कुत्र्यावर संशय घेतला.

ते दोन महिने गंगीनं नुसतं बघण्यात घालवले. याआधी ती वाडीत काम करायला जायची. आता काही न करता जायला लागली. धो धो पाऊस असला की ती बांधावर उभी राहायची. बांधाच्या अलीकडून, तिच्या वाडीतून वाहणारं पाणी गेरूसारखं लाल असायचं. पलीकडून पांड्याच्या गवतातून निथळणारं पाणी जवळजवळ नितळ. एक दिवस तिनं दोन तांब्यांत दोन्ही पाणी धरलं आणि चुलीमागं ठेवून दिलं. सकाळी एका तांब्याच्या बुडाशी अंगठ्याच्या पेराएवढा गाळ बसला होता. दुसऱ्यात चिमूटभर. पेरभर गाळ पावसाच्या एका सरीत जातो, तर वीस पावसाळ्यांत किती गेला असेल, हे तिला मोजता आलं नाही. पण वर आलेली मुळं तिच्या डोळ्यांपुढं आली, आणि खालच्या पट्टीत वाहून आलेली ती माती, जिच्यावर तिथली झाडं अजून तग धरून होती.

तिला आणखी एक आठवलं. गेली दोन वर्षं करण वाडीत तण मारायचं औषध फवारत होता. आईची कंबर दुखते, बसून गवत काढता येत नाही, म्हणून त्यानं पाठीवरचा पंप आणला होता. तिला तेव्हा लेकाचं कौतुक वाटलं होतं. पाला ती काढायची, गवत तो मारायचा. झाडाखाली खायला म्हणून उरायचंच काय?

भाद्रपद सरता सरता, ऊन पडल्यावर, सगळे जमले. गंगी, गोमा, करण, हर्षदा, आणि मजा बघायला पांड्या. आधी पांड्याची वाडी. करणनं निळी दोरी धरून ओढली तर दोरी अलगद हातात आली. त्याला वाटलं तुटली. कुदळीनं माती उकरली. काळी, भुसभुशीत माती, पांढऱ्या सुतासारखे बारीक धागे, दोन गांडुळं. लंगोटी नव्हती. शिवणीचा एक तुकडा मिळाला, बोटात धरला तर त्याचा चिखल झाला. गोमा म्हणाला, वाळवीनं खाल्ली असेल. हर्षदा म्हणाली, वाळवीनं खाल्लं तर तिच्या मातीच्या नळ्या दिसतात, इथं एकही नाही. हे ज्यांनी खाल्लं ते दिसत नाहीत.

मग बांध ओलांडून सगळे गंगीच्या वरच्या पट्टीत आले. इथं कुदळ टण्ण वाजली. माती ढेकळांत निघाली. आणि लंगोटी निघाली, अख्खी. लाल डाग पडले होते, बाकी घडीसुद्धा मोडली नव्हती. गोमानं ती झटकली, उजेडाकडे धरली आणि म्हणाला, “धुऊन घालतो. माझी मला मिळाली.”

सगळे हसले. गंगीही हसली असती, पण तिचे डोळे त्या कापडावर खिळले होते. वीस वर्षं तिनं जिला आरशासारखी ठेवली ती जमीन दोन महिन्यांत एक फडकं खाऊ शकली नव्हती.

ती रानाकडे चालू लागली. ऐनाखालचा दगड उचलला, माती उकरली. तिथं लंगोटीचा मागमूस नव्हता. निळी दोरी तेवढी मातीत पडलेली, नवी वाटावी इतकी स्वच्छ. गंगी तिथंच बसली. वर बघितलं, खाली बघितलं. ऐनाची पानं ऐनाखालीच पडत होती. कुणी उचलून नेत नव्हतं. झाड आपलं खाणं आपणच खाली टाकत होतं आणि आपणच परत घेत होतं. आणि तिच्या आंब्यांनी वीस वर्षं जे खाली टाकलं, ते तिनं डालग्यात भरून खालच्या शेतात नेलं होतं आणि पेटवलं होतं. तिच्या नागलीची रोपं काळीभोर उठायची ती या सोळा झाडांच्या तोंडातल्या घासावर. बाया मूठभर रोपं मागून न्यायच्या तेव्हा ती किती फुशारून जायची, तेही तिला आठवलं.

संध्याकाळी तिनं करणला सगळं सांगितलं. राबाचं सांगितलं, तांब्यातल्या गाळाचं सांगितलं. औषधाचंही सांगितलं, पण त्यावर थांबली नाही. करणनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “बरोबर असेल तुझं. पण आये, झाडं देत नाहीत ते नाहीतच. मोगरा देईल.”

“कुठल्या मातीत देईल?” गंगीनं विचारलं. “जी लंगोटी खात नाय ती मोगऱ्याला काय खायला घालणार? आंब्याची मुळं खोल असतात, ती तरी लांबून ओढून आणतात. तुझा मोगरा दोन वरीस हसेल आणि झाडांच्या वाटेनं जाईल. मग तोडायला झाडं पण नसतील.”

करणनं रविनाकडे बघितलं. रविना भांडी घासत होती, तिनं वर बघितलं नाही. पत्र्याच्या खोलीतला आणखी एक हिवाळा म्हणजे काय, हे त्या न बघण्यात होतं, आणि गंगीला ते समजलं. ती म्हणाली, एक वर्ष द्या. एकच. पुढच्या भाद्रपदात परत कापड काढू. अख्खं निघालं तर झाडं मी स्वतः दाखवीन, कुठली आधी तोडायची ती.

“कापड मी पुरणार,” करण म्हणाला. “जागा मी ठरवणार.”

“तू ठरव.”

दिवाळी झाली. कुऱ्हाड आढ्याला अडकवलेली राहिली. करण आणि रविना पिशव्या घेऊन जव्हारच्या एसटी स्टँडकडे गेली.

फाल्गुन आला आणि पानं गळायला लागली. आता झाडायचं नाही, हे ठरवणं सोपं होतं. पण हाताला कोण सांगणार? सकाळी उठलं की हात आपोआप खराट्याकडे जायचा. गोमानं खराटा माळ्यावर टाकला. एक दिवस गंगीनं तो काढलाच. विचारात होती, कसल्या तरी तंद्रीत अख्ख्या एका झाडाखालचा पाला तिनं गोळा केला, डालग्यात भरला, डोक्यावर घेतला आणि खालच्या शेताच्या अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात आलं. ती तशीच मागं फिरली आणि पाला मुठीमुठीनं परत झाडाखाली पसरायला लागली. नेमका पांड्या बांधावर होता.

“आता काय, पानं झाडाला परत चिकटवतेस?” त्यानं विचारलं.

गंगी म्हणाली, “डिंक असला तर आण.”

राबाचे मात्र हाल झाले. पाला आणायला रानात लांब जावं लागलं, तेही करण घरी नसताना. गंगीची कंबर आणि गोमाचे गुडघे, दोघं मिळून एक धड माणूस होत होतं. दरसालच्या निम्म्याहून कमी राब झाला, आणि शेणातली चार डालगी तिनं आंब्यांसाठी बाजूला काढली होती, त्यामुळे तोही पातळ. लावणीला रोपं पिवळसर आली. शेजारची सुकरी बघून गेली. मूठभर मागितली नाही. गंगीला ते दिवसभर लागून राहिलं. त्या साली नागली कमी पिकणार हे उघड होतं, आणि झालंही तसंच.

त्याआधी, चैतात, आणखी एक भीती आली होती. वाडी झाडून ठेवायचं एक खरं कारण होतं, ते म्हणजे वणवा. वाळला पाला म्हणजे पेटायला टपलेलं सरण. हर्षदानं सांगितलं तसं गंगीनं वाडीच्या चारी बाजूंनी चार हात रुंदीचा पट्टा खरवडून मोकळा ठेवला होता. खराट्याला तेवढं काम मिळालं. एक दिवस दुपारी ओहोळापलीकडे कुणाचा तरी राब वाऱ्यानं उठला आणि गवतातून आग पळत आली. करण आणि रविना बाजाराला गेली होती; गोमा, गंगी आणि पांड्या ओल्या फांद्या घेऊन उभे राहिले. पट्ट्यापर्यंत येऊन आग रेंगाळली, दोन पेटती पानं उडून आत पडली, ती पांड्यानं पायानं विझवली. पांड्याला कुणी पळताना पहिल्यांदाच बघितलं. नंतर तो खोकत म्हणाला, माझीच वाडी पलीकडे हाय म्हून, तुझ्यासाठी नाय.

होळीला आलेला करण या खेपेला पंप काढायला गेला नाही. गवत वाढलं तसं त्यानं ते विळ्यानं कापून झाडाखाली टाकलं. लावणी उरकल्यावर तो गोमाकडून लंगोटी मागून घेऊन वरच्या पट्टीत गेला. गोमानं नेमकी तीच दिली, जी मागच्या साली अख्खी निघाली होती. म्हणाला, हिला सवय हाय. करणनं सोळा झाडं फिरून बघितली आणि सगळ्यांत कोपऱ्यातलं निवडलं, जिथं मुळं सर्वांत उघडी होती आणि पानं सर्वांत फिकी. गंगीला ते झाड नको होतं. पण जागा तू ठरव असं तीच म्हणाली होती, म्हणून तिनं खुणेची काठी आणून दिली.

या पावसाळ्यात ती तिथं बसायला जायची तेव्हा काठीनं पाल्याचा थर हळूच उचलून बघायची. वरची पानं कोरडी, त्याखालची ओली, त्याखालची जाळीसारखी, नुसत्या शिरा उरलेली. आणि अगदी खाली पानांना पानं शिवल्यासारखे पांढरे धागे. पहिल्यांदा दिसले तेव्हा तिनं हर्षदाला हाक मारून बोलावलं. हर्षदा म्हणाली, ही बुरशी, ही पण आपल्या कामाची. गंगी तो थर परत तसाच ठेवायची, झोपलेल्या लेकराचं पांघरूण सारखं करावं तसा. पण धागे वरच्या थरात होते. खाली, वीतभर खोल, काय चाललं आहे ते काठीला समजत नव्हतं.

भाद्रपदात करण खणायला बसला. आज पांड्यानं विडीसुद्धा पेटवली नव्हती. वरची चार बोटं माती सहज निघाली, त्याखाली कुदळ पुन्हा टण्ण वाजली आणि गंगीनं नजर दुसरीकडे वळवली. गोमा म्हणाला, निघाली.

करणनं लंगोटी दोन्ही हातांनी धरून आभाळाकडे उंच केली. कडा शाबूत होत्या. शिवण शाबूत होती. पण मधलं कापड चाळणीसारखं झालं होतं. एका ठिकाणी मुठीएवढं भगदाड होतं आणि त्यातून कोपऱ्यातल्या झाडाची फांदी दिसत होती. करणनं भोकातून दोन बोटं घातली आणि हलवली. कापड तिथून पुढं टर्रकन फाटलं.

“पांड्याकाकासारखी नाय झाली,” तो म्हणाला.

“नाय,” गंगी म्हणाली.

“अख्खी पण नाय निघाली.”

“नाय.”

तो लंगोटी तिच्या हातात देऊन घराकडे उतरला. गंगी त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली. कुऱ्हाड आढ्यालाच होती, घराच्या दारातून हात घातला तर मिळेल अशी. थोड्या वेळानं करण वर आला. हातात विळा होता. त्यानं बांधावरचं गवत कापायला सुरुवात केली आणि पेंढी पेंढी आणून कोपऱ्यातल्या झाडाखाली, उघड्या मुळांवर पसरली. ते झाल्यावर बाजूच्या झाडाखाली. रविना खालून आली आणि पेंढ्या वाहायला लागली. झाडांची पानं अजूनही फिकीच होती. आंबा धरायला आणखी किती सालं लागतील हे हर्षदालाही सांगता आलं नाही.

दिवाळीनंतर निघताना करणनं पिशवी खांद्याला लावली आणि आईला म्हणाला, “मी होळीला येईन. तवर पाला कुणाला उचलू देऊ नको. तुला पण.”

त्यांना एसटीत बसवून गंगी आणि गोमा जव्हारच्या बाजारात आले. गोमाकडे आता चारातली एकच लंगोटी उरली होती. तिसरीचं काय झालं ते गंगीनं त्याला शेवटी एसटी स्टँडवरच सांगितलं, आणि तो कुत्र्याची माफी मागायला हवी असं म्हणत राहिला. मांजरपाट विकणारं एकच दुकान राहिलं होतं. दुकानदारानं आत जाऊन तळातला तागा काढला, धूळ झटकली आणि किती लंगोट्यांचं फाडू म्हणून विचारलं.

गोमा म्हणाला, “तीन बस झाल्या.”

गंगीनं कापड नाकाला लावून बघितलं, बोटांत चोळून बघितलं. “पाच फाड,” ती दुकानदाराला म्हणाली. “तीन याच्या. दोन आंब्यांच्या.”